अकरा करंगळ्या

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता सिस्टरने वर्गाच्या उघड्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि ती हसायला लागली.

आधी गालातल्या गालात. मग तोंडावर हात दाबून. मग हात पुरेना म्हणून दाराची चौकट धरून ती खालीच बसली. आत परीक्षेची शेवटची तालीम रंगात आली होती. अकरा स्टुलं, अकरा गिटारी, अकरा खाली घातलेली डोकी. आणि दांडीवर फिरणाऱ्या प्रत्येक डाव्या हाताची करंगळी हवेत ताठ उभी. पोस्टमनची उभी, बेकरीवाल्याची उभी, चष्म्याच्या दुकानातल्या बाईंची उभी, जुळ्या बहिणींच्या दोघींच्या दोन उभ्या. तीन बोटं तारांवर मरमर राबत होती आणि चौथं वर मजा बघत होतं.

सिस्टर म्हणजे वर्ग घेणाऱ्या आत्याच्या धाकट्या भावाची, भाऊची, बायको. मोठ्या दवाखान्यात नर्स, त्यामुळे गल्लीला ती सिस्टर, आणि होता होता घरातही सिस्टरच. एकोणीस वर्षं ह्या घरात काढून तिने वर्ग ऐकला होता तो फक्त रात्रपाळीनंतर उशीखालून. पाहिला मात्र आज.

"काय झालं हसायला?" आत्याने विचारलं. ह्या आवाजाला पोस्टमनसुद्धा पाठ सरळ करून बसायचा.

"काही नाही हो ताई. म्हणजे... ह्या सगळ्यांची बोटं एकदमच मोडली का?"

"मोडली?"

"आमच्याकडे हाडांच्या वॉर्डात अशीच ठेवतात. पट्टी बांधून. अगदी अश्शीच!" सिस्टरने स्वतःची करंगळी उभी केली आणि पुन्हा हसण्यात वाहून गेली.

वर्गाला हा अपमान सहन झाला नाही. पोस्टमन उठून उभा राहिला. "सिस्टर, हा नियम तिसरा आहे," तो म्हणाला, आणि त्याच्यामागून सगळ्यांनी शाळेतल्या प्रार्थनेच्या चालीत म्हटलं, "करंगळी ही पाहुणी आहे. पाहुण्याला कामाला लावू नये. मानाने उंच बसवावे."

नियम आत्यानेच लिहिलेला होता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वर्ग सुरू केला तेव्हा. आज ती त्रेपन्न वर्षांची होती आणि हा नियम अर्ध्या गावाच्या वह्यांत उतरला होता. करंगळी वर, त्यामुळे जो सूर तिने घ्यायचा तो घ्यायला अनामिकेला लांब उडी मारावी लागे, आणि उडी मारताना तार 'चुईं' करून ओरडे. ती चुईं म्हणजे वर्गाची खूण. आत्याचे जुने विद्यार्थी लग्नसमारंभात, गच्चीवर, कुठेही वाजवायला बसले की लोक चुईं ऐकून म्हणत, हा आत्याकडचा दिसतोय. आत्याला ह्याचा कोण अभिमान.

ती सिस्टरला चार शब्द सुनावणार, इतक्यात खालून येणारा रंध्याचा आवाज थांबला.

खाली आप्पांचा, म्हणजे आत्याच्या वडिलांचा, सुतारखाना होता. वर्गाची जमीन म्हणजे त्यांचं छत, आणि मध्ये नुसत्या फळ्या. वर कोणी कुजबुजलं तरी खाली कळायचं. आप्पा ब्याऐंशी वर्षांचे. रविवारीसुद्धा एखादी फळी तासल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. पण रंधा फळीच्या टोकाला जाऊन थांबतो, मध्येच नाही, हे सुताराच्या मुलीला सांगावं लागत नाही. हा रंधा मध्येच थांबला होता.

"पहिल्यापासून घ्या," आत्याने वर्गाला सांगितलं आणि ती जिना उतरली.

खरं तर आज तिला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. दहा वाजता परीक्षा मंडळाच्या बाई येणार होत्या. मंडळाने यंदापासून नवा नियम काढला होता: ज्या शिक्षकाकडे स्वतःचं प्रमाणपत्र आहे, त्याचेच विद्यार्थी परीक्षेला बसतील. आत्याकडे चौतीस वर्षांचा अनुभव होता, भिंतभर वह्या होत्या, प्रमाणपत्र मात्र नव्हतं. यंदापुरती मुभा अशी की शिक्षकानेही त्याच दिवशी परीक्षा द्यायची. म्हणजे अकरा विद्यार्थी झाले की बारावी परीक्षार्थी आत्या. ती नापास झाली तर ह्या घरातून पुढे कोणालाच परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि समोरच्या रस्त्यावरच्या काचेच्या दाराच्या गिटारशाळेने आत्तापासूनच स्वागताच्या खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या.

आप्पा पाटावर, म्हणजे त्यांच्या कामाच्या लांब टेबलावर, दोन्ही हात टेकून उभे होते. अंगावर ढलप्या. समोर अर्धी तासलेली फळी.

"आप्पा, रंधा का थांबला?"

"धार गेली."

"कालच लावलीत."

"मग... दमलो."

"आप्पा, तुम्ही खोटं बोललात की डाव्या हाताने कान धरता."

आप्पांनी कान सोडला. थोडा वेळ ते ढलप्या झटकत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर हुशार आहे हो. एका नजरेत ओळखलंन."

"काय ओळखलं?"

"पट्टी."

आत्या खाली बसली. बसायला जागा होती ती लाकूड चिकटवायच्या सरसाच्या डब्यावर.

"तुझी आई गेली त्या वर्षीची गोष्ट," आप्पा म्हणाले. "तू नऊ वर्षांची. भाऊ तीनचा. माझं कामात लक्ष कुठलं? मोगरी मारायची लाकडावर, मारली करंगळीवर. हाड मोडलं. दवाखान्यात कोण जातो, घरातच पातळ फळीची पट्टी केली न् बांधली. दोन महिने. आणि त्याच दोन महिन्यांत तू म्हणालीस, आप्पा, मला गिटार शिकवा."

वरून तालमीचा आवाज येत होता. नेमकी चुईंची जागा आली. अकरा तारा एकदम ओरडल्या आणि आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"बोट मोडलेलं, मी तीन बोटांनी वाजवायचो. तू बघायचीस आणि तसंच करायचीस. तेव्हा तू माझं सगळंच करायचीस. मी जेवताना उजवीकडे वळलो की तूही वळायचीस. मी खोकलो की तुला खोकला. म्हटलं, आई गेलीय, पोर धरून राहिलीय मला, राहू दे."

"आणि पट्टी काढल्यावर?"

"काढली त्या संध्याकाळी मी चार बोटांनी वाजवायला बसलो. तू समोर आलीस. माझ्या हाताकडे पाहिलंस, मग स्वतःच्या. चेहरा असा एवढासा झाला तुझा. वाटलं असेल, आपलं चुकलं." आप्पांनी नाक पुसलं. "मग काय करणार? मी करंगळी वर केली. म्हटलं, उद्या सांगू."

"उद्या?"

"उद्याचं काय गं, तो रोजच येतो."

आत्याने मनात हिशेब केला. चव्वेचाळीस वर्षं. चव्वेचाळीस वर्षं आप्पा तिच्यासमोर करंगळी वर धरून वाजवत होते. तिला आठवलं की ती बाजारातून अवेळी परतली की खाली गिटार पटकन थांबायची आणि आप्पा फार मोठ्याने म्हणायचे, आलीस का बाळ!

"म्हणजे मी नसताना तुम्ही—"

"चार बोटांनी," आप्पा खाली मान घालून म्हणाले. चोरून तपकीर ओढताना सापडल्यासारखे.

तेवढ्यात भाऊ चहाचे पेले घेऊन आत आला. भाऊ बसचालक. आयुष्यभर वळणं घेऊन घेऊन कुठल्याही संभाषणात तो तिरकाच शिरायचा. दोघांचे चेहरे पाहून त्याने पेले फळीवर ठेवले.

"कळलं वाटतं तिला?" त्याने आप्पांना विचारलं.

"तुला माहीत होतं?" आत्या कडाडली.

"ताई, मी सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. मी पाटाखाली खेळायचो ना. आप्पा वाजवायचे आणि मला म्हणायचे, ताईला सांगू नकोस हं. मला वाटायचं चार बोटांनी वाजवणं म्हणजे काहीतरी वाईट सवय आहे. मोठ्यांची. म्हणून तर मी गिटारच्या वाटेला गेलो नाही, म्हटलं आपल्यालाही लागायची."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

भाऊने चहाच्या पेल्यात फार बारकाईने पाहिलं.

"चिमणीला?"

चिमणी म्हणजे भाऊची मुलगी. सतरा वर्षांची, आत्याची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. जिला आत्याने स्वतःची गिटार देऊन टाकली होती. ती जिन्याच्या दाराशीच उभी होती, कारण ह्या घरात कुठलंही गुपित जिन्यावर थांबून ऐकायची पद्धत होती. तिच्या पाठीमागे सिस्टर, आपण कुठली गाठ सोडली हे कळून कावरीबावरी झालेली.

"आत्या, मी समोरच्या शाळेच्या खिडकीतून पाहिलं एकदा," चिमणी म्हणाली. "ते सगळे करंगळी वापरतात. मग घरी करून बघितलं. चुईं येतच नाही गं. मला भीतीच वाटली."

"कधीची गोष्ट?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! आणि माझ्यासमोर?"

चिमणीने करंगळी वर केली.

आता आत्याच्या रागाचा पारा कुठे जावा? आप्पांवर ओरडावं तर ते ब्याऐंशी वर्षांचे. भाऊवर ओरडावं तर तो हसू दाबून दाबून लाल झालेला. सिस्टरवर ओरडावं तर घरात आज खरं बोललेली ती एकटीच. आत्या उभी राहिली. सरसाचा डबाही तिच्याबरोबर उभा राहिला, कारण झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि आत्या चांगली दहा मिनिटं त्यावर बसली होती.

"हसू नका!" ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. भाऊ मात्र घाईघाईने पाटाच्या मागे जाऊन बसला, आणि तिथून बराच वेळ त्याचे खांदेच दिसत राहिले. सिस्टरने पुढे होऊन, दवाखान्यात ज्या हलक्या हाताने चिकटपट्ट्या सोडवतात त्या हाताने, डबा सोडवला.

"म्हणजे मी चौतीस वर्षं," आत्या म्हणाली, आणि इथे तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला, "चौतीस वर्षं मी लोकांना तुमचं मोडलेलं बोट शिकवलं. आणि तुम्ही सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपत बसलात. मी काय इतकी भयंकर बाई आहे?"

ह्यावर 'नाही' म्हणायला चौघांनीही किंचित उशीर केला.

"वर दहा जण आहेत," ती पुढे म्हणाली. "त्यांना आत्ता सांगितलं तर एकाचंही बोट तारेवर पडायचं नाही. कोणी अवाक्षर काढायचं नाही. परीक्षा होऊ दे. नंतर मी बघते एकेकाला."

आणि तेवढ्यात बाहेरची घंटा वाजली. परीक्षकबाई अर्धा तास लवकर आल्या होत्या.

बाई उंच, सडपातळ, काखेत कागदांची फाइल, चेहऱ्यावर शिक्षा फर्मावणाऱ्यांची शांतता. नमस्कार चमत्कार झाले. त्या जिना चढू लागल्या, आणि तिसऱ्या पायरीवरून चौथीवर जाताना त्यांचा पाय आपटला.

"अर्धा सूर!" वरून जुळ्या बहिणी एकदम ओरडल्या.

"काय?"

"काही नाही, जरा जपून," आत्या म्हणाली. "तिसरी आणि चौथी पायरी जवळ आहेत. आणि सातवी-आठवी."

"सुताराची चूक?"

"चूक नाही," आत्या म्हणाली, आणि एवढ्या रागातही तिला हे सांगताना बरं वाटलं. "मला लहानपणी मेजर स्केल समजेना. पूर्ण सूर कुठे, अर्धा कुठे, काही केल्या डोक्यात शिरेना. तेव्हा वडिलांनी जुना जिना मोडून हा केला. आठ पायऱ्या, आठ सूर. मोठं अंतर म्हणजे पूर्ण सूर, छोटं म्हणजे अर्धा. इथली मुलं पाटी हातात घ्यायच्या आधी जिना चढतात. पायाला कळलं की डोक्याला कळतं."

परीक्षकबाई थांबल्या. त्यांनी खाली पाहिलं. मग फाइल आत्याच्या हातात देऊन त्या पुन्हा खाली उतरल्या आणि पहिल्या पायरीपासून, ओठ हलवत, मोजत वर आल्या. तिसरी, चौथी. सातवी, आठवी. वर पोचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची शांतता थोडी विस्कटलेली होती.

"मी सव्वीस वर्षं हे फळ्यावर काढून शिकवते आहे," त्या म्हणाल्या. "अर्ध्यांना कळत नाही." मग त्यांनी फाइल परत घेतली आणि पुन्हा परीक्षक झाल्या. "एकेकाला आत पाठवा. परीक्षा चालू असताना शिक्षकाने आत यायचं नाही. आलात तर मला तसं लिहावं लागेल."

दार लागलं. बाहेर बाकावर आत्या, आप्पा, भाऊ, सिस्टर अशी रांग बसली. दाराला एक फट होती, ती आत्याच्या वाट्याला.

पहिला पोस्टमन. वाजवलं त्याने छान. तीन उड्या, तीन चुईं. मग आतून बाईंचा आवाज आला, "ही करंगळी अशी का?"

"करंगळी ही पाहुणी आहे," पोस्टमन खणखणीत आवाजात म्हणाला. "पाहुण्याला कामाला लावू नये. मानाने उंच बसवावे."

बाहेर भाऊने रुमाल तोंडात कोंबला.

दुसरा बेकरीवाला. "ही करंगळी—" "पाहुणी आहे!" चष्म्याच्या दुकानातल्या बाई. "पाहुण्याला, मॅडम, कामाला लावू नये." जुळ्या बहिणींनी तर एकीने अर्धं आणि दुसरीने दारातून अर्धं म्हटलं. सहाव्या विद्यार्थ्यापर्यंत बाईंनी विचारायचं सोडून दिलं, पण विद्यार्थ्यांनी सांगायचं सोडलं नाही. एवढा पाठ केलेला नियम कोणी विचारत नाही म्हणजे काय? आठव्या विद्यार्थ्याने तर बाईंनाच विचारलं, "तुमच्याकडे पाहुण्यांना कसं वागवतात?"

इथे बाकाची शिस्त पार कोलमडली. सिस्टर भिंतीवर डोकं टेकून हसत होती. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुनःपुन्हा म्हणत होते, "अरे देवा, अरे देवा." आत्याने ठरवलं होतं की आज संध्याकाळपर्यंत ह्यांच्यापैकी कोणाशीही बोलायचं नाही. तिने ओठ घट्ट मिटून धरले. पण हसू ते हसूच. ते नाकातून बाहेर आलं, आणि एकदा आलं म्हटल्यावर तीही आप्पांच्या खांद्यावर कोसळली. आपल्या चौतीस वर्षांच्या चुकीला इतकं हसता येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

शेवटी चिमणी आत गेली.

आत्याने डोळे पुसून फटीला डोळा लावला. एका गोष्टीने तिचा जीव भांड्यात पडला होता: ह्या पोरीला खरं येतं. दोन वर्षं चोरून केलेला रियाज आहे. निदान हिला तरी पैकीच्या पैकी मिळतील.

चिमणी बसली. गिटार मांडीवर घेतली. एकदा दाराकडे, थेट फटीकडे पाहिलं. आणि तिने करंगळी वर केली.

आत्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

पोरगी वाजवत होती. मुद्दाम, तिला येत असलेलं सोडून. पहिली चुईं. आत्याने वळून आप्पांकडे पाहिलं. ते बाकावर बसून, भिंतीपलीकडचे सूर ऐकत, नकळत डावा हात हलवत होते, आणि त्यांची म्हातारी करंगळी हवेत उभी होती. एकाने तिच्यासाठी चव्वेचाळीस वर्षं बोट वर धरलं. आता दुसरी धरायला लागली होती. हिची मुलं धरतील. त्यांची मुलं धरतील. आणि सगळे म्हणतील, उद्या सांगू.

आत्याला जे दुःख झालं ते फार मोठं होतं, पण त्याला बसायला वेळ नव्हता. तिने दार ढकललं.

"चिमणे! करंगळी खाली!"

चिमणी थांबली. परीक्षकबाईंची लेखणी थांबली.

"तुम्हाला सांगितलं होतं—"

"लिहा," आत्या म्हणाली. "काय लिहायचं ते लिहा, बाई. हिला येतं. ही माझ्यासाठी खोटं वाजवते आहे. चिमणे, ऐकू आलं ना? बोट खाली. तारेवर. जशी एकटी असताना वाजवतेस तशी."

"पण आत्या, नियम—"

"नियम तिसरा चूक आहे."

दाराबाहेर दहा विद्यार्थी जमा झाले होते. दहांच्याही तोंडाचा आ झाला. पोस्टमनने वही छातीशी धरली.

"चूक आहे," आत्या त्यांच्याकडे वळून म्हणाली. "माझ्या वडिलांचं बोट मोडलं होतं. मी ते बघून शिकले आणि तुम्ही मला. तुमचा काहीही दोष नाही, तुम्ही तर शिकवल्याबरहुकूम केलंत." मग ती परीक्षकबाईंकडे वळली. "हाताच्या ठेवणीचे गुण कापायचे असतील तर ह्यांचे कापू नका. माझे कापा."

"तुमचे तर तसेही कापायचे आहेत," बाई म्हणाल्या. "एका माणसाचे किती वेळा कापू?"

मग त्यांनी चिमणीकडे पाहून मान हलवली. "पहिल्यापासून."

चिमणीने डोळे मिटले आणि चारही बोटं खाली आणली.

हा तुकडा आत्याने शेकडो जणांना शिकवला होता. तो तिला झोपेतही येत होता. पण तिन्ही उड्यांच्या जागी आज उडी नव्हती. सुरामागून सूर जिना उतरावा तसा सरळ उतरत गेला, आणि कुठलीही तार ओरडली नाही. आपलाच तुकडा आत्याने आज पहिल्यांदा अख्खा ऐकला. तिला आनंद झाला. इतका की लाज वाटायला जागाच उरली नाही, आणि ती सर्वांदेखत, खुर्चीच्या पाठीला धरून, रडता रडता हसत उभी राहिली.

तिची स्वतःची परीक्षा पाव तासात आटोपली. लेखी उत्तरं तिने सकाळच्या भाजीसारखी पटापट निवडून टाकली. वाजवताना बाईंनी विचारलं, "करंगळी वापरून बघता?" आत्याने वापरून पाहिली. त्रेपन्न वर्षं बसून खाल्लेलं बोट ते, तारेवर पडलं आणि असा काही आवाज निघाला की दाराबाहेरून आप्पांनी "काय पडलं?" म्हणून विचारलं.

बाईंनी कागद भरायला घेतला.

"तीन बोटं बरोबर, चौथं चूक. म्हणून दहाही जणांना ठेवणीचे वीसपैकी पंधरा. चिमणीला वीस. तुम्हालाही पंधरा लिहू?"

"मला शून्य लिहा."

"का? बोटं तीच आहेत."

"ते शिकले. मी शिकवलं."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मोठ्या समाधानाने शून्य काढलं. खाली 'अध्यापन' असा रकाना होता. त्याची परीक्षा अजून राहिली होती. नियमाप्रमाणे एका विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवून दाखवायचं होतं.

"कोणाला बोलावू?" आत्याने विचारलं.

"कोणाला नको. परीक्षा चालू असताना तुम्ही दार ढकलून आत आलात, एका विद्यार्थिनीचा हात सुधारलात, आणि स्वतःची चूक सगळ्या वर्गापुढे सांगितलीत." बाईंनी रकान्यात आकडा टाकला. "मी तसं लिहीन म्हणाले होते. लिहिलं."

आकडा पैकीच्या पैकी होता. त्याच्याखाली सही, आणि सहीच्या शेजारी 'उत्तीर्ण'.

पुढचा अर्धा तास घरात नुसता गोंधळ. बेकरीवाला बिस्किटांचा अख्खा ट्रे घेऊन आला. पोस्टमनने वहीतला नियम तिसरा खोडायला नकार दिला आणि त्याखाली 'पाहुणे कामाला लागले' असं लिहिलं. सिस्टरने अकराही करंगळ्या तपासून एकही मोडलेली नाही असं जाहीर केलं. परीक्षकबाई जाताना जिना दोनदा चढल्या-उतरल्या, आणि पायऱ्यांची मापं आप्पांकडून कागदावर लिहून घेऊन गेल्या.

सगळे पांगल्यावर आत्या एक स्टूल घेऊन सुतारखान्यात उतरली आणि आप्पांच्या समोर बसली. मांडीवर गिटार.

"वाजवा," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून शिकायचंय. चार बोटांनी."

आप्पांनी त्यांची गिटार खुंटीवरून काढली. हात पँटला पुसले. पहिली कॉर्ड धरली. चारही बोटं बरोबर जागी. मग त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं, आणि त्यांची करंगळी सावकाश वर उठली.

"आप्पा, बोट!"

"हो, हो." त्यांनी खाली आणलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वर पाहिलं. पुन्हा उठलं.

"मुद्दाम करताय?"

"नाही गं. आई शप्पथ." आप्पा आपल्याच हाताकडे बघत राहिले. "तू समोर बसलीस की ते उठतं. मी काय करू?"

पाटाखालून चिमणीचं हसणं ऐकू आलं, आणि दारामागून भाऊचं. आत्याने थोडा वेळ त्या म्हाताऱ्या, उभ्या बोटाकडे पाहिलं. मग ती उठली, स्टूल फिरवलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली.

"आता मी दिसत नाही ना?"

"नाही."

"मग वाजवा. मी ऐकून शिकते."

तिच्या पाठीमागे आप्पांनी एकदा घसा खाकरला, आणि मग चार बोटांनी, कुठेही न थांबता, ते वाजवायला लागले.